एकशे तेरा कोणते?

वर्तमानपत्रात जागा उरते, हे वाचकांना सहसा ठाऊक नसतं. जिल्ह्याच्या दैनिकात ती रोज उरते. एखादी तार वेळेवर येत नाही, एखादी जाहिरात आयत्या वेळी रद्द होते, आणि शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर हात पुसत येऊन विचारतो, "दोन इंच मोकळी हायेत. काय टाकू?"

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास आमच्या नगरच्या दैनिकात अशा दोन इंचांसाठी एक सदर सुरू झालं. नाव होतं 'किती लांब, किती वेळ'. वाचकांनी कोणतीही दोन ठिकाणं विचारायची आणि आम्ही त्यांच्यातलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ छापायचा. उपसंपादकांत मी सर्वांत धाकटा असल्यामुळे ते माझ्याकडे आलं. संपादकांनी नियम एकच घातला होता: उत्तर आकड्यांत द्यायचं, त्यात स्वतःचं मत घालायचं नाही.

अंतर काढायची रीत साधी होती. कार्यालयाच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. रस्त्याचं अंतर हवं असेल तर ओला दोरा रस्त्याच्या वळणांवरून बसवायचा, मग तो सरळ करून नकाशाच्या खालच्या मापपट्टीवर धरायचा. सरळ अंतर हवं असेल तर दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणायचा. वेळ काढणं त्याहून कठीण होतं. एसटीचं वेळापत्रक आमच्याकडे होतं, पण त्यातली वेळ आणि गाडीची वेळ यांची फारशी ओळख नव्हती. म्हणून मी स्टँडवर जाऊन चालकांना विचारत असे. वेळापत्रकातला आकडा सांगितला की ते हसत आणि आपला आकडा देत. मी बहुधा त्यांचाच छापत असे.

प्रश्न विचारणारी माणसं नमुनेदार असत. नागापूरच्या कारखान्यातले दोन कामगार, घरापासून कामापर्यंत कोणाची सायकल जास्त लांब येते, या वादाचा निकाल मागायला आले. निकाल लागल्यावर हरलेल्यानं नकाशाच चुकीचा असल्याचं सांगितलं. देवळाली प्रवराच्या एका बागायतदारांना आपलं गाव आणि नाशिकजवळची देवळाली यांच्यातलं अंतर मोठ्या टाइपात छापून हवं होतं. त्यांचे व्याही दुसऱ्यांदा नाशिकच्या देवळालीला उतरले होते आणि तिथून रागावून परत गेले होते.

असे प्रश्न पुष्कळ आले. विमानाचा प्रश्न मात्र एकच आला. तो पुणतांब्याहून आला आणि घेऊन आले ते दामूअण्णा.

दामूअण्णा गोदाकाठचे शेतकरी. सकाळच्या पॅसेंजरनं नगरला उतरून ते थेट कार्यालयात आले होते. बसल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "औरंगाबाद ते पुनं, इमानानं किती लांब पडतं?"

आमच्याकडे खेड्यात विमानाला इमान म्हणतात. त्या दिवसांत पुण्याहून औरंगाबादला आठवड्यातून तीनदा छोटं विमान जात असे. नगर जिल्ह्यातला माणूस त्यात बसल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. म्हणून मी विचारलं, प्रवास कोणाला करायचा आहे?

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. अण्णांची मुलगी कुसुम मास्तरकीचं शिक्षण घेऊन गावातल्या शाळेत शिकवत होती. तिला स्थळ आलं होतं. मुलाचं नाव अशोक. तो औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर मेकॅनिक होता. घर चांगलं होतं आणि दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. औरंगाबादलाही कोणाची ना नव्हती, कारण मनमाडला गाडी बदलून लहान लाईननं, म्हणजे मीटरगेजनं, तिथं दुपारपर्यंत पोचता येई. अडचण एवढीच की वर्षभरात अशोकची बदली पुण्याला होणार होती. अण्णांच्या पत्नी गयाबाईंना मुलगी पुण्याइतकी लांब द्यायची नव्हती.

त्याला कारण होतं. गयाबाईंची थोरली बहीण वऱ्हाडात दिली होती. ती आजारी पडली. माहेरची माणसं पोचली तेव्हा तिचा दहावाही होऊन गेला होता. तेव्हापासून गयाबाईंचा दंडक होता: सकाळी सांगावा आला तर दिवे लागायला लेकीच्या दारात पोचता आलं पाहिजे. त्यापलीकडे मुलगी द्यायची नाही, आणि पुणं त्यांच्या लेखी त्यापलीकडे होतं. या दंडकापायी सुपारी फुटायची थांबली होती.

यावर गयाबाईंच्या भावानं तोड काढली होती. त्यांना सगळे रावसाहेबमामा म्हणत. स्थळ त्यांनीच आणलं होतं. त्यांचं म्हणणं, पुणं लांब नाहीच. औरंगाबादहून विमानानं एकशे तेरा, पाऊण तासाचं काम. शिवाय विमान कंपनीच्या माणसाला घरच्यांसाठी पास मिळतो. म्हणजे पुणं औरंगाबादच्या दारात आहे असंच समजायचं.

अण्णा म्हणाले, "एकशे तेरा म्हंजी जवळजवळ नगर-औरंगाबाद. तेवढं तर रस्त्याचे दगडच सांगत्यात. मंग पुनं काय नगरच्या जागी येऊन बसलं का? मला हिशोब लागंना. मेव्हना खोटं बोलत न्हाई, पन खरंबी सरळ सांगत न्हाई."

मी नकाशावर पुणे आणि औरंगाबाद इथं टाचण्या लावून दोरा ताणला. एक गोष्ट लगेच दिसली. आम्ही सगळे नगरकर समजत होतो की हे विमान नगरवरून जातं, कारण पुणे-औरंगाबाद एसटी नगरवरून जाते. काही जण विमान बघायला गच्चीवर उभेही राहत आणि ढगांना दोष देऊन खाली येत. दोरा नगरच्या पश्चिमेनं, वांबोरीच्या अंगानं जात होता. आकाशात नगरचा स्टँड नसल्यामुळे विमानाला वळायचं काही कारण नव्हतं.

दोरा मापपट्टीवर धरला तर अंतर दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास भरलं. म्हणजे मामांचा आकडा जवळपास निम्मा होता. मग चिकलठाण्याला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत अण्णांचा दोन वेळा चहा झाला. पलीकडच्या कारकुनानं आकडा न बघता सांगितला: एकशे तेरा.

मी विचारलं, "एकशे तेरा काय?"

तो म्हणाला, "मैल."

दोनशे दहा किलोमीटरचे मैल एकशे तीस होतात. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "हे आमचे मैल. समुद्रावरचे."

विमानवाले जहाजवाल्यांचा मैल वापरतात आणि तो आपल्या मैलापेक्षा मोठा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मैल मोठा, म्हणून आकडा लहान. पाऊण तासाचाही उलगडा त्यानंच केला. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत ते पस्तीसेक मिनिटंच असतं. समोरून वारा असला तर जास्त.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या बापाच्या येळंला कोस हुता," ते म्हणाले. "मग मैल आला. मैल अंगवळनी पडला तवर सरकारनं किलोमीटर आनला. आता तुमी हा चौथा काढला. मंग माझी लेक नेमकी किती लांब पडनार?"

या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांत देता येईना. मी विमानाचं देऊ केलं. ते म्हणाले, "तेच छापा. छापल्याबिगर मेव्हना ऐकायचा न्हाई."

उत्तर दुसऱ्या दिवशी छापून आलं. पुणे-औरंगाबाद: रस्त्यानं सुमारे दोनशे पस्तीस किलोमीटर, हवाई मार्गानं सुमारे दोनशे दहा, विमानाचा वेळ पाऊण तास. खाली समुद्री मैलाबद्दल एक ओळ होती. नकाशापुढे बसलोच होतो, म्हणून पुण्याहून पुणतांब्याला विमानमार्गे यायला किती वेळ लागेल याचाही मी हिशोब मांडला, तो छापला नाही. शहरातून लोहगावला जायचं, तासभर आधी हजर राहायचं, पाऊण तास उडायचं, चिकलठाण्याहून स्टेशन गाठायचं, लहान लाईननं मनमाड, तिथं गाडीची वाट बघायची, मग मोठ्या लाईननं पुणतांबा. पुण्याहून दौंडला गाडी बदलून सरळ पुणतांब्याला यायला याहून कमी वेळ लागत होता. पाऊण तासाच्या विमानामुळे पुणतांबा पुण्यापासून दूरच जात होतं.

तीन दिवसांनी रावसाहेबमामा आले. धोतर स्वच्छ, बोटात अंगठी, काखेत आमचा अंक. ते चिडून आले असतील असं मला वाटलं होतं, पण ते मजेत होते.

"लग्नं मोडायला पेपर काढला का तुमी?" बसता बसता ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही एकशे तेरा सांगितलंत."

"मंग? हायेतच एकशे तेरा. कोनते, ते कुनी इचारलं का मला?"

सोयरीक जमवणाऱ्या माणसाचं कौशल्य काय असतं, ते मला या एका वाक्यात समजलं. बातमीतही असं चालतं. आकडा बरोबर असतो, एकक मात्र वाचकानं समजून घ्यायचं असतं.

मामांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. वाद आकड्यांवर मिटत नसेल तर बहिणीला विमानतळच दाखवायचा. मुलाचं घर बघायला जातात तसं मुलाचं काम बघायला जायचं. तुम्हीही या, म्हणाले. संपादकांना विमानसेवेवर लेख हवाच होता, त्यामुळे मला परवानगी मिळाली.

ठरल्या दिवशी मी नगरहून एसटीनं औरंगाबादला गेलो. पुणतांब्याची मंडळी मनमाडमार्गे आली होती. अण्णा, गयाबाई, मामा आणि कुसुमही. मुलीला आधीच तिकडे न्यायची पद्धत नव्हती, पण मामांचा युक्तिवाद असा होता की विमानतळ हे काही सासर नव्हे. गयाबाईंच्या हातात भाकरीचं फडकं होतं.

चिकलठाण्याचा विमानतळ तेव्हा म्हणजे एक बैठी इमारत, तारेचं कुंपण आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. अशोक कामाच्या निळ्या कपड्यांतच बाहेर आला. हाताला तेल होतं म्हणून त्यानं नमस्कार मनगटं जुळवून केला. थोड्या वेळानं विमान उतरलं. गयाबाईंनी पदर कानांवर दाबून धरला, पण डोळे मिटले नाहीत. पंखे थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या. मोजकेच उतारू उतरले, त्यांत अजिंठ्याला निघालेलं एक परदेशी जोडपं होतं.

अण्णांनी अशोकला विचारलं, "मधी कुठं थांबत न्हाई का? राहुरीला, न्हाईतर कुठं?"

"नाही, अण्णा."

"हात दावायचा, थांबंल," मामा म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग गयाबाई कुंपणापासून वळल्या. त्यांनी अंतर विचारलं नाही आणि वेळही विचारली नाही.

"पास कुनाकुनाला मिळतो?"

मामा मध्येच म्हणाले की घरच्यांना मिळतो. गयाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना उत्तर मुलाकडून हवं होतं.

अशोक म्हणाला, "मला, बायकोला, आणि माझ्या आईवडिलांना. तुम्हाला नाही मिळणार, मावशी."

"म्हंजी ती येईल. आमी कसं जायाचं?"

"गाडीनं. दौंडला बदलून. आणि खरं सांगायचं तर तीही गाडीनंच येईल. विमानानं आली तर उशीर होईल."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. जो हिशोब मी छापला नव्हता तो या मुलानं न विचारता सांगितला होता आणि त्यात त्याचंच नुकसान होतं. गयाबाई काही वेळ त्याच्या तेलकट हातांकडे बघत राहिल्या.

"इमानाचा काय उपेग न्हाई," त्या शेवटी अण्णांना म्हणाल्या. "पन पोरात इमान हाय."

मामांचा चेहरा उजळला. पण गयाबाईंचं पुढचं वाक्य होतं, "तरी पुनं ते पुनंच. माझी भन अशीच लांब गेली."

त्यावर कुसुम बोलली. सकाळपासून ती बहुधा पहिल्यांदाच बोलत होती. "आई, मावशीकडं जायाला किती येळ लागला हुता?"

"एक रात आन् एक दिस."

"आन् कार्ड यायला?"

उत्तर अण्णांनी दिलं. आजारपणाचं कार्ड टाकल्यापासून अकराव्या दिवशी आलं होतं.

"मंग लांब काय हुतं?" कुसुम म्हणाली. तिनं शाळेत विचारावा तसा प्रश्न विचारला होता आणि उत्तरासाठी शाळेतल्यासारखीच थांबली. मग तिनं अशोककडे न बघता, पण त्यालाच उद्देशून विचारलं, "इथं फोन हाय का?"

अशोक म्हणाला, इथं आहे, पुण्यालाही असेल.

बातमीच्या धंद्यात मी काही वर्षं काढली होती. घटना घडणं आणि बातमी पोचणं यांत किती अंतर पडतं, हेच रोज बघत होतो. तरी दोऱ्यानं नकाशा मोजताना सांगावा मोजायचं मला सुचलं नव्हतं. रस्ता एका दिवसाचा होता. लांब होतं ते कार्ड.

फोन पुण्याला असून भागत नव्हतं. पुणतांब्यात अण्णांच्या घरापर्यंत निरोप पोचायला हवा होता. ही वाट शोधली मामांनीच. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या कचेरीत फोन हाय. तुमच्या पेपरचा गठ्ठा रोज सकाळच्या गाडीनं आमच्या गावाला येतो. गठ्ठ्यासंगं सांगावा आला तर काय वजन वाढतं का?"

वजन वाढत नव्हतं. मी संपादकांना विचारून सांगतो म्हटलं. संपादक थोडा विचार करून म्हणाले, सदरात मत घालायचं नाही एवढाच आपला नियम आहे, निरोप घालायचा नाही असं कुठं म्हटलंय?

सुपारी फुटली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. त्या आधीच लग्न उरकलं होतं हे बरं झालं. अशोकची बदली ठरल्याप्रमाणे पुण्याला झाली. कुसुमचा पास कपाटातच राहिला असावा, कारण काही महिन्यांनी उतारू मिळेनात म्हणून ती विमानसेवाच बंद झाली. आमच्या कार्यालयात मात्र सदराच्या फायलीशेजारी पुणतांब्याच्या विक्रेत्याचं आणि अण्णांचं नाव लिहिलेला एक पुठ्ठा टांगलेला राहिला.

फोन एकदाच आला. सकाळी गठ्ठे बांधून सायकलवर चढवत असताना. पलीकडे अशोक होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून कुसुमला न्यायला अण्णा पुढच्या आठवड्यात येणार होते. पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. तिला दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. "मावशींना पाठवा," एवढं बोलून लाईन तुटली.

गठ्ठ्यांबरोबर त्या दिवशी मी स्वतः स्टेशनवर गेलो. पुणतांब्याच्या गठ्ठ्यावर निरोप बांधला आणि गार्डलाही तोंडी सांगितला, कारण कागद हरवतो. गाडी सुटली. नंतर मी कार्यालयात येऊन नेहमीचं काम केलं. त्या दिवशीच्या अंकात दुष्काळी कामांच्या बातम्या होत्या. त्यांतली एकही आज आठवत नाही.

दुपारी पुणतांब्याकडून येणारी गाडी नगरला थांबली तेव्हा मी फलाटावर होतो. गयाबाई आणि अण्णा डब्यात होते. भाकरीचं फडकं गयाबाईंच्या मांडीवर होतं. गयाबाईंनी मला विचारलं, अजून काही कळलं का? मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. गाडी दौंडकडे निघून गेली. नंतर मला काहीच कळलं नाही. सांगावा पोचवणाऱ्याला उत्तर पोचवायचं कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्यात कोणाची चूक नसते.

दीडेक महिन्यानं गयाबाई आणि अण्णा कार्यालयात आले. बरोबर कुसुम होती, फार बारीक झालेली. गयाबाईंच्या हातात लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली मुलगी होती. मुलगी झाल्यावर देतात ती बर्फी अण्णांनी टेबलावर ठेवली. कंपोझिटरपासून संपादकांपर्यंत सगळ्यांना दिली. कुसुम खुर्चीवर बसून भिंतीवरचा नकाशा बघत होती. पुणे आणि औरंगाबादच्या टाचण्यांची भोकं तशीच होती.

गयाबाई म्हणाल्या, "भाऊ, आता इचारा मला, पुनं किती लांब हाय."

मी विचारलं, "कोणत्या मैलात?"

"मैलात न्हाई. सकाळी तुमचा गठ्ठा आला. दिवे लागले तवा मी कुसुमच्या उशाला हुते. डाक्टर म्हनला, आई आली, आता पोरगी धीर धरंल." त्यांनी नातीचं धडपं सारखं केलं. "तेवढंच लांब हाय पुनं. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. पण ते छापलं नाही. सदरात उत्तर आकड्यांत द्यायचं असा नियम होता आणि तेव्हा मी नियम फार पाळत असे.